शेकडा किती, आणि कशाचे?

बेंगळूरु शहराच्या वायव्येस, तुमकूरु रस्त्याच्या अंगाने, पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७० नंतरच्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीची गणना आज आग्नेय आशियातील मोठ्या औद्योगिक क्षेत्रांत होते. परंतु तिचे वैशिष्ट्य अवाढव्य गिरण्यांत नसून लहान कारखान्यांत आहे. दोन-तीन लेथ, एखादे मिलिंग यंत्र, एखादे ड्रिल आणि पाच-दहा कामगार एवढ्या सामग्रीवर चालणारे कारखाने येथे गल्लोगल्ली आढळतात. कोणी मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग कातून देतो, कोणी ते भट्टीत तापवून कठीण करून देतो, कोणी त्यांवर मुलामा चढवून देतो. बेळगावची उद्यमबाग, कोल्हापूरजवळची शिरोली किंवा पुण्याजवळची भोसरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

अशा एखाद्या कारखान्यात % हे चिन्ह दिवसभरात किती ठिकाणी भेटते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. सकाळी येणाऱ्या मालाच्या बिलावर ते कराच्या रकान्यात असते. भिंतीवरील फळ्यावर काल बाद झालेल्या नगांचे प्रमाण लिहिलेले असते, तेथे ते असते. पगाराच्या चिठ्ठीवर असते, बँकेच्या पत्रात असते, दुपारच्या चहाबरोबर वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात तर पानोपानी असते. कधी कधी चिन्ह नसते, तरी शेकडेवारी असतेच. लेथच्या हत्याराला लागणाऱ्या हायस्पीड पोलादाचा एक जुना प्रकार ‘१८-४-१’ या नावाने ओळखला जातो. त्या पोलादात शेकडा १८ भाग टंगस्टन, ४ भाग क्रोमियम आणि १ भाग व्हॅनेडियम असते, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ होय.

चिन्ह सगळीकडे एकच. परंतु त्यामागचा ‘शंभर’ दर ठिकाणी निराळा असतो. बिलावरचा शंभर मालाच्या किमतीचा, फळ्यावरचा शंभर नगांचा, पगाराच्या चिठ्ठीवरचा शंभर वेतनाच्या एका विशिष्ट भागाचा. शेकडेवारीचे गणित स्वतः अगदी सोपे आहे. गुणाकार आणि भागाकार येणाऱ्या कोणालाही ते जमावे. चुका होतात त्या गुणाकारात नव्हे, तर हा शंभर कोणता ते न विचारल्यामुळे. आणि त्या चुकांची किंमत कोणाला तरी रोख रुपयांत मोजावी लागते. म्हणून या पुस्तिकेत सूत्रांपेक्षा त्या प्रश्नालाच अधिक जागा दिली आहे.

हिशेबाची रीत

‘शेकडा १८’ म्हणजे दर शंभरामागे अठरा. ज्या रकमेची किंवा राशीची शेकडेवारी काढावयाची, तिला आपण ‘आधार’ म्हणू. आधाराला दराने गुणावे व शंभराने भागावे, म्हणजे हवा तो भाग मिळतो. आधार, दर आणि भाग या तीन राशींपैकी दोन ठाऊक असल्या की तिसरी काढता येते. शाळेतील सर्व उदाहरणे या एका वाक्यात सामावतात.

तोंडी हिशेबासाठी मात्र याहून सुटसुटीत वाटा आहेत. जुन्या मराठी शाळांत पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ करून घेत. ज्याला पावकी येते त्याला शेकडा २५ काढता येतात. ज्याला पाऊणकी येते त्याला शेकडा ७५. आणि सवायकी म्हणजे मूळ रकमेत शेकडा २५ मिळवून येणारी बेरीजच होय. ही पाठांतरे शाळांतून गेली, याची हळहळ वाटणारे लोक अजून आहेत आणि हिशेबापुरते तरी त्यांचे म्हणणे खोटे नाही. शेकडा १० काढण्यास दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकविले की पुरे. शेकडा १८ हवे असतील तर शेकडा २० काढून त्यांतून शेकडा २ वजा करावे. ४,६५० रुपयांचे शेकडा १० म्हणजे ४६५; शेकडा २० म्हणजे ९३०; शेकडा २ म्हणजे ९३; म्हणून शेकडा १८ म्हणजे ८३७. कागदाची गरज पडत नाही.

आणखी एक युक्ती पुष्कळांना ठाऊक नसते. पन्नासाचे शेकडा १८ आणि अठराचे शेकडा ५० हे दोन्ही सारखेच, कारण गुणाकारात क्रम बदलला तरी फल बदलत नाही. तेव्हा पंचवीस रुपयांचे शेकडा ३६ काढावयाचे असतील तर छत्तिसाची पावकी म्हणावी: नऊ.

लेथवरील एक उदाहरण

आता कारखान्यात जाऊ. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी बार आहे. त्याचा १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा कापून, तो लेथवर धरून, त्याचा व्यास ४० मिलिमीटर करावयाचा आहे. पन्नासाचे चाळीस झाले, म्हणजे व्यास शेकडा २० कमी झाला. मग धातूही शेकडा २० च कमी झाला काय?

नाही. तुकड्याची लांबी तीच राहिली असता त्याचे वजन त्याच्या गोल छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ५० चा वर्ग २,५०० आणि ४० चा वर्ग १,६००. पंचवीसशेंतून नऊशे गेले, म्हणजे शेकडा ३६. व्यासात शेकडा २० ची घट झाली असता धातूचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कीस होऊन यंत्राखाली पडतो.

याचा पैशाशी असलेला संबंध पाहा. पोलादाचे वजन दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरले तर मूळ तुकडा सुमारे १.५४ किलोग्रॅम भरतो. शेकडा २० च्या समजुतीने चालणारा मनुष्य धरून चालेल की दर तुकड्यामागे ३०८ ग्रॅम कीस निघेल. प्रत्यक्षात निघतो ५५५ ग्रॅम. हजार नगांचे काम असेल तर हा फरक सुमारे २४७ किलोग्रॅम होतो. समजा, पोलाद ८० रुपये किलोने घेतले आणि कीस भंगारवाल्यास २५ रुपये किलोने दिला, तर दर किलोमागे ५५ रुपये बुडतात. आणि एवढ्या एका चुकीने कामाचा अंदाज साडेतेरा हजार रुपयांनी चुकतो. चार कामगारांच्या कारखान्यात त्या कामावरचा सगळा नफा याहून कमी असू शकतो.

हाच तुकडा उलट बाजूने पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ५० वरून ४० वर येताना व्यास शेकडा २० घटला. परंतु ४० वरून ५० वर जाताना तो शेकडा २५ वाढतो. अंतर तेच, दहा मिलिमीटरचे. आधार मात्र एकदा पन्नासाचा, एकदा चाळिसाचा. वेतन शेकडा १० कमी करून पुढल्या वर्षी शेकडा १० वाढविले, तर वीस हजारांचे अठरा हजार होतात आणि अठरा हजारांचे एकोणीस हजार आठशे. गेलेले दोनशे रुपये परत येत नाहीत.

आधार स्वतःच बदलत असेल तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण पीण्यातच आहे. कारखान्यांच्या या गर्दीत भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे दूरमापन, मागोवा व आज्ञा यांचे केंद्र आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा त्याचे नियंत्रण येथूनच होत होते. उड्डाणाच्या वेळी या यानाचे वजन सुमारे १,३३७ किलोग्रॅम होते आणि त्यांपैकी सुमारे ८५२ किलोग्रॅम हे इंधन व ते जाळण्यास लागणारा प्राणदायी द्रव यांचे होते. म्हणजे यानाच्या वजनात शेकडा ६४ च्या आसपास भाग जळून जाण्यासाठीच भरलेला होता. आता समजा, त्यांतील ८०० किलोग्रॅम जळाले व ५२ उरले. किती शिल्लक आहे? भरलेल्या इंधनाच्या मानाने शेकडा सहा. त्या क्षणीच्या यानाच्या मानाने पाहावे, तर यानाचे वजनही आता ५३७ किलोग्रॅमच उरले आहे. म्हणून शेकडा जवळजवळ दहा. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, परंतु एकाच्या जागी दुसरे वापरता येणार नाही.

बिल, कर आणि सूट

१ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू आहे. यंत्रांच्या बहुतेक सुट्या भागांवर तो शेकडा १८ आहे. माल कर्नाटकातल्या कर्नाटकात विकला तर बिलावर केंद्राचे ९ व राज्याचे ९ असे दोन रकाने दिसतात. तोच माल महाराष्ट्रात पाठविला तर एकाच रकान्यात १८ दिसतात. ग्राहकाला पडणारा भार एकच.

हजार रुपयांच्या मालावर कर धरून बिल ११८० रुपयांचे होते. पुढे केव्हातरी फक्त ११८० हा आकडा समोर असतो आणि त्यांतील कर किती हे सांगावयाचे असते. अशा वेळी ११८० चे शेकडा १८ काढण्याचा मोह होतो. उत्तर येते २१२ रुपये ४० पैसे, आणि ते चूक आहे. कर आकारला गेला तो हजारावर, अकराशे ऐंशीवर नव्हे. करासहित रकमेत दर ११८ रुपयांमागे १८ रुपये कराचे असतात. म्हणून ११८० ला १८ ने गुणून ११८ ने भागावे. मग १८० रुपये मिळतात.

नफ्याच्या बाबतीत हीच गल्लत अधिक महाग पडते. एखादा नग तयार करण्यास ८०० रुपये खर्च आला व तो १,००० रुपयांस विकला. नफा २०० रुपये. खर्चाच्या मानाने तो शेकडा २५ आहे, विक्रीच्या मानाने शेकडा २०. व्यापारी मंडळी बहुधा विक्रीच्या मानाने बोलतात आणि कारखानदार बहुधा खर्चाच्या मानाने. दोघेही ‘वीस टक्के’ म्हणतात आणि हस्तांदोलन करतात. मनातल्या रकमा मात्र निराळ्या असतात. आता एका कारखानदाराने १,००० रुपयांच्या खर्चावर शेकडा २० चढवून १,२०० रुपये भाव सांगितला. ग्राहकाने शेकडा २० सूट मागितली. नफा सोडला तर निदान खर्च तरी निघेल, अशा समजुतीने त्याने ती दिली. परंतु सूट निघाली बाराशेंवर, म्हणजे २४० रुपये. आणि माल ९६० रुपयांना गेला. दर नगामागे ४० रुपयांचा तोटा झाला, आणि देणाऱ्याला वाटत राहिले की आपण ना नफा ना तोटा या रेषेवर उभे आहोत.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी कराच्या दरांत मोठे फेरफार झाले. ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर शेकडा २८ वरून शेकडा १८ वर आला. त्या दिवसांत ‘दहा टक्के स्वस्त’ असे शब्द पुष्कळांच्या तोंडी होते. मूळ किंमत एक लाख असलेली मोटारसायकल घेऊ. पूर्वी करासहित ती १,२८,००० रुपयांना पडे. विक्रेत्याने मूळ किंमत बदलली नाही असे धरल्यास ती आता १,१८,००० रुपयांना पडेल. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम दहा हजारांनी घटली. १,२८,००० च्या मानाने ही घट शेकडा ७.८ आहे, दहा नव्हे. ज्याने १२,८०० रुपये वाचतील असे धरले असेल त्याची निराशा होणार. कराची रक्कम २८,००० वरून १८,००० वर आली, म्हणजे कर स्वतः शेकडा ३५.७ ने घटला. आणि कराचा दर अठ्ठाविसावरून अठरावर, म्हणजे दहा अंकांनी उतरला. एकाच घटनेचे दहा, ७.८ आणि ३५.७ असे तीन आकडे झाले, आणि त्यांपैकी एकही खोटा नाही. वर्तमानपत्रातील मथळा यांपैकी कोणता आकडा निवडतो, यावरून लिहिणाऱ्याला काय दाखवावयाचे आहे ते कळते.

बाद नगांचा फळा

पीण्यातील एखादा लहानसा भाग तयार होताना पुष्कळ हातांतून जातो. एके ठिकाणी बार कापला जातो, दुसरीकडे कातला जातो, तिसरीकडे भोक पडते, मग भट्टी, मग घासकाम, शेवटी मुलामा. समजा, अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर फक्त शेकडा २ नग बाद होतात. प्रत्येक कारखानदार आपल्या फळ्याकडे पाहून समाधानी असेल, कारण शेकडा ९८ माल निर्दोष असणे ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु हजार नगांनी सुरुवात केली तर पहिल्या पायरीनंतर ९८० उरतात, दुसरीनंतर सुमारे ९६०, आणि सहावी संपेपर्यंत ८८६. दर पायरीवर शेकडा ५ बाद होत असतील, तर शेवटी ७३५ च हाती येतात. म्हणजे चार नगांतील एकाहून अधिक नग भंगारात जातो. ग्राहकाला हजार नग द्यावयाचे असतील तर पहिल्या दराने ११२९ आणि दुसऱ्या दराने १३६१ नग कापावयास घ्यावे लागतील.

येथे एक शंका येते. सहा पायऱ्या, प्रत्येकी शेकडा ५, तर बेरीज ३० व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात घट शेकडा २६.५ का? कारण दुसऱ्या पायरीवरचे शेकडा ५ हे हजारांचे नसून उरलेल्या ९५० चे असतात, तिसऱ्या पायरीवरचे त्याहून कमी नगांचे. शंभर दर पायरीला लहान होत जातो. ज्यांचे आधार निरनिराळे आहेत अशा शेकडेवाऱ्यांची बेरीज करता येत नाही, हा नियम विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यास हरकत नाही.

शिवाय सर्व बाद नग सारखे नसतात. पहिल्या पायरीवर बाद झालेल्या नगाबरोबर थोडेसे पोलाद जाते. मुलाम्यात बिघडलेल्या नगाबरोबर पोलाद, पाच कारखान्यांची मजुरी, भट्टीचा जाळ आणि गाडीभाडे हे सर्व जाते. फळ्यावर मात्र दोन्ही नगांची नोंद सारखीच होते. खर्चाच्या शंभरात मोजले, तर शेवटच्या पायरीवरचे शेकडा २ हे पहिल्या पायरीवरच्या शेकडा ५ पेक्षाही जड ठरू शकतात.

फळा वाचताना नगांची मूळ संख्याही विचारावी. वीस नगांपैकी दोन बिघडले तरी शेकडा १०, आणि दोन हजारांपैकी दोनशे बिघडले तरी शेकडा १०. पहिल्या बाबतीत कदाचित नवशिक्या उमेदवाराचा हात चुकला असेल. दुसऱ्या बाबतीत यंत्र किंवा हत्यार तपासल्यावाचून गत्यंतर नाही. वीस नगांच्या ढिगात एक नग इकडचा तिकडे झाला की शेकडेवारी एकदम पाचाने हलते. लहान ढिगावरून काढलेले टक्के अंदाजापुरतेच घ्यावेत.

पगाराची चिठ्ठी

भविष्यनिर्वाह निधीसाठी कामगाराच्या वेतनातून शेकडा १२ कापले जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. एखाद्याची चिठ्ठी १८,००० रुपयांची असते आणि तो १८,००० चे शेकडा १२ काढून २,१६० रुपये कापले जातील असे धरतो. चिठ्ठीवर १,८०० दिसतात. चूक कोणाचीच नाही. त्याच्या अठरा हजारांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० आहेत आणि उरलेले ३,००० घरभाड्याचे आहेत. कपात होते ती पंधरा हजारांवर. एकूण पगाराच्या मानाने ती शेकडा १० च भरते. मालकही आपल्या पदरचे शेकडा १२ भरतो. परंतु त्याचे सर्व पैसे निधीत जात नाहीत, त्यांतील ८.३३ निवृत्तिवेतनाच्या योजनेत जातात आणि ३.६७ निधीत. खात्यावरील दोन रकमा सारख्या का नाहीत, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

८.३३ हा आकडा चमत्कारिक दिसतो. परंतु शंभराला बाराने भागून पाहिले की त्याचे रहस्य उलगडते. वर्षाचे बारा महिने आणि त्यांपैकी एक, म्हणजे शेकडा ८.३३. किमान बोनसचा दरही कायद्याने हाच ठरलेला आहे. वर्षाच्या वेतनाचे शेकडा ८.३३ म्हणजे एका महिन्याचे वेतन होय. अर्थात हिशेबात किती वेतन धरावयाचे याची मर्यादा कायद्याने घातलेली असते, तिच्या आत. कर्मचारी राज्य विम्यासाठी कामगाराकडून शेकडा ०.७५ आणि मालकाकडून शेकडा ३.२५ घेतात. दशांश पाहून गोंधळ होत असेल तर पाऊण आणि सव्वातीन म्हणावे: हिशेबात धरलेल्या दर शंभर रुपयांमागे पंचाहत्तर पैसे आणि सव्वातीन रुपये. जादा वेळेच्या कामाला दुप्पट दर मिळतो, तेव्हा वाढ शेकडा १०० असते. ‘दोनशे टक्के वाढ’ म्हटले तर तिप्पट द्यावे लागतील.

कर्ज घेताना

शेकडेवारीचा जन्मच बहुधा सावकारीच्या ओट्यावर झाला असावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे. व्यापाऱ्यांकरिता पाच, अरण्यातून जाणाऱ्यांकरिता दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांकरिता वीस. धोका वाढेल तसा दर वाढतो, हे तत्त्व आजच्या बँकांनाही अनोळखी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, शंभरावर महिन्याला पाच व्याज असेल तर सोळांवर वर्षाचे किती, असे उदाहरण आहे. उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. या जुन्या हिशेबांत दर ‘महिन्याचा’ आहे, हे वाचकांनी पाहिलेच असेल. सव्वा पण ऐकावयास थोडे वाटतात, परंतु वर्षाला ते शेकडा १५ होतात.

ही पद्धत अजून मोडलेली नाही. औद्योगिक वसाहतींत आणि बाजारपेठांत ‘शेकडा दोन’ने पैसे मिळतात, असे म्हणतात तेव्हा ते दोन महिन्याचे असतात. वर्षाला शेकडा २४ झाले. आणि व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर वर्षाअखेर शंभराचे १२६ रुपये ८२ पैसे होतात, म्हणजे दर शेकडा २७ च्या जवळ जातो. बँकेचा ‘शेकडा चौदा’ आणि सावकाराचा ‘शेकडा दोन’ यांची तुलना करताना ज्याला चौदा मोठे वाटतात, त्याने काळाचा आधार विचारलेला नसतो.

काळाइतकाच रकमेचा आधारही विचारावा लागतो. एका कामगाराला ६०,००० रुपये हवे आहेत आणि दरमहा ५,००० रुपये मुद्दल फेडून बारा महिन्यांत मोकळे व्हावयाचे आहे. एक जण म्हणतो, ‘वर्षाला शेकडा १२, संपूर्ण रकमेवर.’ दुसरा म्हणतो, ‘महिन्याला शेकडा दीड, उरलेल्या रकमेवर.’ दीड महिन्याचे म्हणजे वर्षाचे अठरा, एवढा हिशेब कामगाराला येतो; म्हणून तो पहिल्याकडे वळतो.

पहिल्याचे व्याज ६०,००० चे शेकडा १२, म्हणजे ७,२०० रुपये. परंतु साठ हजार रुपये त्या कामगाराकडे वर्षभर राहिलेले नाहीत. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे साठ हजार होते, दुसऱ्यात पंचावन्न, तिसऱ्यात पन्नास, आणि असे उतरत बाराव्यात पाच. या बारा रकमांची बेरीज ३,९०,००० होते. सरासरीने त्याच्याकडे ३२,५०० रुपयेच होते. त्यांवर ७,२०० रुपये व्याज म्हणजे वर्षाला शेकडा २२ हून थोडे अधिक. दुसरा सावकार दर महिन्याला उरलेल्या रकमेवर शेकडा दीड घेणार होता: पहिल्या महिन्यात ९०० रुपये, दुसऱ्यात ८२५, तिसऱ्यात ७५०, शेवटच्यात ७५. सर्व मिळून ३,९०,००० चे शेकडा दीड, म्हणजे ५,८५० रुपये. ‘शेकडा बारा’चे कर्ज ‘शेकडा अठरा’च्या कर्जापेक्षा १,३५० रुपयांनी महाग पडले.